एकाच आवाजाच्या दोघी

९ जानेवारी

धाकटीस,

हे पत्र तुझ्याशी बोलायला म्हणून लिहीत नाहीये. आपलं बोलणं बंद आहे आणि माझ्या बाजूने ते बंदच आहे. हे कामाचं पत्र आहे. काम काय ते खाली लिहिते.

थंडी विचारू नकोस. बादलीवर सकाळी बर्फाची साय धरते, ती पळीने फोडायची आणि मग चहा टाकायचा. शेगडीजवळ बसलं की पुढून भाजून निघते आणि पाठ गारठलेलीच राहते. खेचरवाला आठवड्यातून एकदा वनखात्याच्या खालच्या चौकीतून बटाटे, रॉकेल आणि गावभरच्या बातम्या घेऊन वर येतो. बिचाऱ्याला दारातच तोंडावर बोट ठेवून गप्प करावं लागतं. मग तो हातवारे करून बातम्या सांगतो. गेल्या खेपेला कुणाचं तरी लग्न झालं किंवा कुणीतरी झाडावरून पडलं, यातलं नक्की काय ते मला अजून कळलेलं नाही.

हस. खुशाल हस. तूच म्हणायचीस ना, "ताईच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला यायचाय." तर तो जन्माला आलाय, आणि ती बकरी आहे.

उन्हाळ्यात मी चौकीचं स्वयंपाकघर सोडून इथे वर आले, ते या करडासाठी. कड्याखाली त्याची आई मरून पडली होती आणि हे तिला ढुशा देत उभं होतं. साधीसुधी बकरी नव्हे. लांब शिंगांच्या या रानबकऱ्या या एवढ्या डोंगररांगेत सोडून कुठेच नाहीत. जेवढ्या उरल्यात त्या सगळ्या तुझ्या स्थानकातल्या फलाटावर उभ्या करता येतील. त्यांच्यासाठीच तर हे अभयारण्य.

हिच्या आधीही असंच एक करडू हाताने वाढवलं होतं. माझ्याआधी या कामावर असलेल्या बाईंनी त्याचं नाव ठेवलं, त्याच्याशी गप्पा मारल्या, लाडाकोडाने मोठं केलं आणि रानात सोडलं. ते जे निघालं, ते समोर दिसलेल्या पहिल्या माणसांकडे गेलं. शिकारी होते. त्याने म्हणे त्यांच्या हातात तोंड घातलं. आता त्याची शिंगं कुणाच्यातरी भिंतीवर आहेत.

म्हणून आमच्या डॉक्टरांचा, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचा, नियम. नाव ठेवायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, बोलायचं नाही. मेलेल्या बकरीच्या कातड्याचा झगा घालायचा, तोंडावर फडकं बांधायचं आणि मुकाट्याने चारा द्यायचा.

"अजिबात बोलायचं नाही?" मी विचारलं होतं.

"अजिबात."

"आणि शिंक आली तर?"

डॉक्टरांनी अगदी मनापासून विचार केला. "शिंका," म्हणाले.

मी हो का म्हटलं, ते विचारू नकोस. आईनंतर मला कुणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं. त्यात बोलायला मनाईच असलेली नोकरी समोर आली, घेतली.

एप्रिलमध्ये रानातला कळप कुंपणाशेजारच्या खडकांवर मीठ चाटायला उतरतो आणि मग वर निघून जातो. त्यांच्याबरोबर हिला सोडायचं. पण आधी परीक्षा. माणसाच्या आवाजाला भिऊन पळाली तर सुटली. जवळ आली, तर गाडीत घालून शहरातल्या प्राणिसंग्रहालयात, जन्मभर पिंजऱ्यात. मधला रस्ता नाही.

काम लिहायचं राहिलंच की. पुढच्या वेळी लिहीन. उत्तर पाठवू नकोस.

ताई


३० जानेवारी

धाकटीस,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं, तर तू खरंच पाठवलं नाहीस. माझं ऐकायचं कधी, ते तुला बरोबर कळतं हो.

परवा डॉक्टरांनी एक कच्ची परीक्षा घेतली. स्वतः, खेचरवाला आणि चौकीवरचे दोन पहारेकरी असे कुंपणाबाहेर उभे राहून मोठमोठ्याने बोलले. खेचरवाल्याला महिनोन् महिन्यांचं बोलायचं होतं, तो थांबेना. लग्नच होतं म्हणे, आणि नवरदेव आदल्या दिवशी झाडावरून पडला. दोन्ही बातम्या खऱ्या निघाल्या.

आणि ही अशी पळाली म्हणतेस! मागच्या सुळक्यावर टणाटण उड्या मारत चढली ती तासभर खाली उतरली नाही. आतून फळीच्या फटीतून बघताना माझा ऊर भरून आला. आपलं पोर चारचौघांत पहिलं आल्यासारखं वाटलं. इथे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहिते.

मग डॉक्टर मला म्हणाले, "आता तुम्ही झगा काढून बाहेर या आणि चार शब्द बोला."

मी गळ्याकडे बोट दाखवलं. घसा बसलाय, अशी खूण केली.

घसा ठणठणीत आहे माझा.

ते जाऊ दे. तुला एक विचारायचंय. आई आठवडाभर अंथरुणाला खिळून होती. चौकीवर वायरलेस होता. निरोप मिळाला असता मला. तुझ्याच्याने एक शब्द कळवला गेला नाही? खिंड यंदासारखी उघडी नव्हती, बंद होती, हे मलाही माहीत आहे, मी त्या बर्फातच बसले होते. पण आले असते, नसते आले, ते माझं मी ठरवलं असतं ना? खिंड उघडल्यावर खेचरवाला चिठ्ठी घेऊन आला तेव्हा तुझं सगळं आटोपलंही होतं. "तुझं" लिहिलंय, खोडत नाही. तू एकटीने सगळं उरकलंस, जशी काही मी या घरची कुणीच नव्हते.

मी नंतर खाली आले होते. हे तुला माहीत नाही. बसमधून उतरले आणि वरून कर्ण्यातून माझाच आवाज आला. "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." क्षणभर दचकलेच. मग लक्षात आलं, तू आत काचेच्या खोलीत बसून घोषणा करतेयस. आपला आवाज म्हणजे देवाने एकच बनवला आणि दोघींना वाटून दिला. लहानपणी तुझी खोडी मी निस्तरायची आणि माझी तू, कारण पलीकडच्या खोलीतून कोण ओरडलं ते आईलाही कळायचं नाही.

मी बाकावर बसून तुझ्या सगळ्या गाड्या ऐकल्या. एवढ्या गोड आवाजात सगळ्या परक्या लोकांना सांगतेस, कुठली गाडी कधी सुटते. आणि मला नाही सांगितलंस. मग मी परतीची गाडी धरली. ती कुठून सुटते, तेही तूच सांगितलंस.

फार लिहिलं. कामाचं पुन्हा राहिलं.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

आता काम सांगते. माझी पाचावर धारण बसली आहे, त्यामुळे अक्षराकडे बघू नकोस.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी इथे वादळ झालं. वरचा बर्फाचा कडा कोसळला, त्या आवाजाने सगळी खोली हादरली. करडू भिऊन माझ्या झग्यात शिरलं. इतकं थरथरत होतं, की माझे दात वाजायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तेवढ्याने भागेना. आणि माझ्या तोंडून आपोआप ते निघालं. आई शिलाई मशीनवर बसली की गुणगुणायची ना, शब्द नसलेलं, तेच. फडक्याच्या आत, अगदी हळू. थरथर थांबली गं त्याची.

एकदाच केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मी रोज करायला लागले. मला बोलायला माणूस नव्हतं. किती महिने झाले होते, कुणी माझा आवाज ऐकला नव्हता. आणि ही कान टवकारून, मान वाकडी करून ऐकायची. तिच्या ऐकण्याची मला चटक लागली, दुसरं काय म्हणू?

आता मी पहिला सूर काढला की ती कुठे असेल तिथून धावत येते आणि माझ्या पोटात डोकं खुपसते.

त्या कच्च्या परीक्षेत म्हणून मी घशाची बतावणी केली. पण झोप येईना. नियमाने परीक्षा घेतली तर ती पास होईल, हे मला एकटीला माहीत होतं. आणि पुढच्या उन्हाळ्यात एखादी बाई गुरांमागे काहीतरी गुणगुणत डोंगर चढली, की ती धावत खाली येईल, हेही मला एकटीलाच. त्या बाईमागे कोण असेल, कुणी सांगावं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं मला जमलं नाही. गेल्या सोमवारी डॉक्टरांना सांगितलं.

वाटलं, आता फाडून खातील. ते नुसते खाली बसले. मग म्हणाले, "गुणगुणून दाखवा." दाखवलं. ती आली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

नंतर त्यांनी नाना उपाय केले. स्वतः गुणगुणून बघितलं, ती धूम पळाली. खरं सांगायचं तर मीही पळाले असते. माझा आवाज भरून स्पीकर लावला, तर तिने खोका हुंगला आणि शिंगाने उलथा केला. माझ्याच आवाजाने, समोर उभ्या असलेल्या माणसाकडून तिला भीती बसायला हवी. आणि ते मी करायचं नाही. माझा वास तिला माहीत आहे. मीच घाबरवलं, तर माझ्या हातचा चारा खाणं सोडेल. बर्फ वितळेपर्यंत तिला दुसरं खायला काय आहे?

"तुमच्यासारखा आवाज असलेलं कुणी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. दारापर्यंत गेले. परत आले आणि हो म्हटलं.

धाकटे, तू ये. कुंपणाबाहेर उभं राहून आईचं ते गुणगुणायचं. ती जवळ आली की डबा बडवायचा आणि तिच्या अंगावर ओरडायचं. दोन-चार दिवसांत काम होईल असं डॉक्टर म्हणतात. नाही झालं, तर पिंजऱ्याची गाडी एप्रिलात येणारच आहे.

माझ्यासाठी येऊ नकोस. तिच्यासाठी ये. तिने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

ताई


२ मार्च

धाकटे,

तुझी ओळ पोचली. "येते. गरम काय काय आणू?" वर्षभरानंतर एवढंच. बरं, एवढं तर एवढं.

जे असेल ते सगळं आण. लोकरीचे मोजे दोन जोड, पायात घट्ट होणारे बूट नकोत. साबण, अत्तर, पावडर खुशाल लाव, तुझा वास वेगळा यायला हवाच आहे. चौकीपासून वर खेचर मिळेल. खेचरवाला बोलून डोकं उठवेल, पण शेवटच्या वळणानंतर तोही गप्प होतो. तिथून पुढे तूही एक अक्षर बोलायचं नाहीस. खोली कुंपणाला लागून आहे, त्यामुळे माझ्याशीही नाही. आपल्याला जमेल ते. सराव आहे.

पलंग एकच आहे. भिंतीकडची बाजू तुझी.

ताई


१४ एप्रिल

धाकटे गं,

तू गेल्यापासून रोज लिहायला बसते आणि रोज उठते. आज लिहितेच. तुला वाटत असेल, ताई पुन्हा रुसली. तसं नाहीये, पण क्रमाने सांगू दे मला.

तू बाहेर होतीस, मी आत फटीला डोळा लावून. तुला दिसलं नाही ते मला दिसत होतं. पहिल्या सकाळी तू सूर काढलास आणि माझ्याच अंगावर काटा आला. आईचं ते, माझ्या आवाजात, आणि मी तर तोंड मिटून आत उभी. ही वेडी धावत सुटली ती थेट कुंपणाला नाक लावून उभी राहिली. एकदा तुझ्याकडे बघे, एकदा माझ्या दाराकडे. तिचा गोंधळ उडाला होता. तू डबा उचललास आणि खाली ठेवलास. मग तूच रडायला लागलीस. डॉक्टरांनी तुला हाताला धरून नेलं. मला वाटलं संपलं सगळं. पिंजरा.

त्या दिवशी आपण खोलीत बसलो होतो. तू बटाटे सोलत होतीस, मी चिरत होते. शब्द बोलायचा नाही. तुझे केस किती पांढरे झालेत, हे मला तेव्हा दिसलं. तू माझ्या भेगाळलेल्या हातांना तुझं क्रीम चोळलंस, न विचारता. मी हात ओढून घेतला, कारण वास बदलला असता. तुझा चेहरा पडला. ते कारण मला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते. राग नव्हता गं तो.

दुसऱ्या सकाळी ती आली आणि तू ओरडलीस.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, काहीही ओरडा, तिला शब्द कुठे कळतात. पण मला कळत होते ना. "कुठे होतीस? किती हाका मारल्या तिने! कुठे होतीस तू?" डबा बडवत, कुंपणाला हिसके देत ओरडत होतीस. घसा फाटेपर्यंत. करडू अडखळलं, पडलं, उठलं आणि सुळक्यावर पळालं. डॉक्टरांना वाटलं, बाईंनी काय सुंदर काम केलं. मी मात्र फळीला टेकून तशीच खाली बसले.

मग रोज तेच. तू गुणगुणायचीस, ती यायची, तू ओरडायचीस. मग ती अर्ध्यावर थबकायला लागली. आणि शेवटच्या सकाळी तू नुसता पहिला सूर काढलास, आणि ती समोरच्या कड्यावर. तुला डबा बडवावाच लागला नाही. पण तू तरीही हळूच काहीतरी म्हणालीस, आत मला ऐकू आलं नाही. ओठ हलताना दिसले.

वळणापर्यंत तुला सोडायला आले तेव्हा तू सांगितलंस. खेचरवाल्याला पुढे धाडलंस आणि एका दमात सांगून टाकलंस. शेवटचे दोन दिवस आई माझ्याच नावाने हाका मारत होती. "थोरले, आलीस का गं?" दर थोड्या वेळाने. तू निरोप पाठवायला निघालीही होतीस, पण कळवलं असतं तर ही बया खिंडीतून चालत निघेल आणि बर्फात गाडली जाईल, या धास्तीने स्थानकावरून परत फिरलीस. मला ओळखतेस, तेवढं खरं. निघाले असते मी. मग पुन्हा "थोरले, आलीस का" आणि तू तिच्या उशाशी बसून माझ्या आवाजात म्हणालीस, "आले गं आई."

आईला दिसत नव्हतं. आवाज तर एकच.

मग ती म्हणाली, "जेवलीस का?" तू म्हणालीस, "हो, जेवले." तिने हूं केलं आणि डोळे मिटले. त्यानंतर तिने एकही हाक मारली नाही.

"तुझा निरोप मीच चोरला, ताई," तू म्हणालीस. "हे तुला कसं लिहिणार होते?" आणि माझ्याकडे बघत उभी राहिलीस.

मला काहीतरी बोलायचं होतं. आपण ऐकू न जाण्याच्या हद्दीत होतो, मनाई नव्हती. पण तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. इतके महिने न बोलता राहिल्यावर माणूस ऐनवेळी असाच फसतो. तू वाट बघितलीस, बघितलीस, मग मान खाली घालून उतरायला लागलीस. मी तुझी टोपी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

काल कळप उतरला. डॉक्टरांनी फाटक उघडलं आणि म्हटलं, खरी परीक्षा आता. मी झगा काढला, फडकं सोडलं. ऊन लागलं चेहऱ्याला. तिने मला कधी असं पाहिलंच नव्हतं. आईचं ते सुरू केलं, बाहेर, मोकळ्या गळ्याने. तिने मान वर केली. कान टवकारले. धाकटे, एक क्षण मला वाटलं, येते आता. आणि खरं सांगू, यावी असंही वाटलं.

पळाली. फाटकातून बाहेर, दगडांवरून, थेट त्या मोठ्या शिंगांच्या गर्दीत. कळप उधळला आणि वर चढत गेला. त्यातली ती कुठली हे मला थोडा वेळ कळत होतं, मग कळेना. एकदाही वळून बघितलं नाही तिने. डॉक्टर म्हणाले, "झालं." आणि त्यांच्या स्वभावाच्या मानाने फारच बोलले, "छान झालं."

आनंद झाला. झालाच. आणि मग रिकाम्या गोठ्यात जाऊन मी हमसाहमशी रडले. आता मनाई नव्हती, म्हणून मोठ्याने.

आता या डोंगरात कुठेही आपला आवाज आला की ती जिवाच्या आकांताने पळेल. तुझा काय, माझा काय. तेवढ्यावर ती जगेल. तुझं काम चोख झालं.

मे महिन्यात मी खाली येईन. स्थानकावर बाकावर बसणार नाही, सरळ तुझ्या काचेवर टकटक करेन. पण तोवर वाट बघण्यात अर्थ नाही, म्हणून वळणावर जे तोंडातून निघालं नाही ते इथे लिहिते.

आई आयुष्यभर फोनवर विचारायची, जेवलीस का, आणि मी कधी धड उत्तर दिलं नाही. "बघते गं," "जेवेन गं," "ठेव आता फोन." त्या दिवशीही मी बर्फाकडे बघत उपाशीच बसले होते. तिला "हो" ऐकायचं होतं. माझ्या तोंडून. आणि ते तिला मिळालं.

बरं केलंस, धाकटे.

ताई